मनाचा विहार आणि हातांचे काम

विनयपिटकाच्या महावग्गात चीवरांविषयीच्या प्रकरणात एक लहानसा प्रसंग आला आहे. तथागत राजगृहाहून दक्षिणागिरीकडे चारिका करीत निघाले होते. वाटेत मगधाची शेते लागली. लांब पट्टे, त्यांना छेदणारे आडवे बांध, सभोवार मेर आणि जेथे बांध एकमेकांना मिळतात तेथे पडलेले चौक. तथागतांनी ती शेते पाहिली आणि सोबतच्या आनंदांना विचारले, भिक्खूंची चीवरे अशा धाटणीची करता येतील का? आनंदांनी होकार दिला. दक्षिणागिरीतील मुक्काम आटोपून तथागत राजगृहाला परतले, तेव्हा आनंदांनी काही भिक्खूंसाठी तशी चीवरे तयार करून त्यांच्यापुढे ठेवली. लांब पट्टीला कुसि, आखूड पट्टीला अड्ढकुसि, वाफ्यासारख्या तुकड्यांना मंडल आणि अड्ढमंडल अशी त्या शिवणकामाची नावेही ग्रंथात जपली गेली आहेत. आपण थोडक्यात सांगितलेले आनंदांनी विस्ताराने जाणले, या शब्दांत तथागतांनी त्यांची वाखाणणी केली. विहारात वंदनेला बसल्यावर भंतेजींच्या चीवरावरील उभ्या-आडव्या शिवणी निरखून पाहाव्यात. अडीच हजार वर्षांपूर्वीचे मगधातील बांध अजून तेथे आहेत.

हा प्रसंग आम्ही आमच्या निवासी विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा मोठ्या वर्गातील मुले विचारतात, की यात धम्म कोणता? प्रश्न रास्त आहे. या प्रसंगात दुःखाचे विवेचन नाही, शीलाचा उपदेश नाही. चालता चालता एका माणसाची नजर शेतांवर रेंगाळली, त्या पाहण्यातून त्याला काही सुचले आणि दुसऱ्याने ते कापून, जोडून, सुईने शिवून प्रत्यक्षात आणले, एवढेच आहे. चीवर शिवताना आनंदांना मापे कोणी दिली नव्हती. शेत डोळ्यांपुढे आणून ती त्यांनीच शोधली असणार. मनाचे असे रेंगाळणे आणि हातांचे असे रमणे या दोन गोष्टींना विनयाच्या कडक नियमांच्या ग्रंथातही जागा मिळाली, याचेच आम्हाला महत्त्व वाटते. प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

विषय निवडण्यास कारणही तसेच घडले. पालकसभेत दोन प्रश्न हमखास येतात. रविवारी दुपारी मुलांना कोणताच तास का ठेवत नाही, हा पहिला. आणि सुई-दोरा, माती, कात्री, खळ यांत मुलांचा वेळ का घालवता, हा दुसरा. प्रश्न विचारणारे पालक बहुधा स्वतः कष्टातून वर आलेले असतात. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे आज शिकवणी वर्गांची शहरे म्हणून ओळखली जातात. लातूर पॅटर्नने खेड्यापाड्यांतील, शेतमजुरांच्या घरांतील मुलामुलींना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण त्याच वाटेने गेले. परंतु पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत प्रत्येक घटका दुसऱ्याने आखून दिलेली असावी, असा जो पायंडा आता पाचवी-सहावीच्या मुलांपर्यंत येऊन पोहोचला आहे, त्याविषयी आमचे मत निराळे आहे. आणि ते मत आम्ही बाबासाहेबांच्या आधारानेच मांडू इच्छितो.

१९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची तपासणी करणाऱ्या ग्रंथात बाबासाहेबांनी फुरसतीचा मुद्दा फार पोटतिडकीने मांडला आहे. त्यांचा युक्तिवाद साधारण असा : जनावराचे जीवन पोट भरण्यात संपते, माणसाचे तेथे संपू नये. माणसाचे माणूसपण त्याच्या संस्कृतीत आहे, मनाच्या मशागतीत आहे, आणि ती मशागत फुरसतीवाचून होत नाही. आजवर ही फुरसत मूठभरांना मिळाली, कारण बाकीच्यांनी त्यांच्या वाट्याचे कष्ट उपसले. यंत्रे हवीत ती यासाठी, की सर्वांना फुरसत मिळावी. हा विचार बाबासाहेबांनी ग्रंथापुरता ठेवला नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, ती त्यांनीच मांडलेल्या विधेयकातून. ते सहा तास कामगाराच्या हाती आले, ते त्याने बाजेवर पडून आभाळ पाहिले तरी त्याचेच होते.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला असे तास ठाऊक नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. गावकी, येसकरी, बेगार, मेलेली जनावरे ओढणे, पाटलाच्या वाड्यावर सरपण फोडणे, सांगावे घेऊन या गावाहून त्या गावाला पळणे, यांत दिवस केव्हा उगवला आणि केव्हा मावळला हे विचारण्याची सोय नव्हती. अशा माणसाला कोणी घटकाभर झाडाखाली बसलेले पाहिले, की त्याला आळशी म्हणत. वाड्यातला माणूस ओसरीवर बसला, की तो विचारमग्न ठरे. म्हणून आमच्या मुलांची एक मोकळी दुपार ही आम्हाला चैन वाटत नाही. ती फार उशिरा हाती आलेली वारसाहक्काची वस्तू आहे.

आता ‘मन मोकळे सोडावे’ असे आम्ही म्हणालो, की उपासक मंडळी लगेच विचारतात : धम्म तर मनावर ताबा ठेवायला सांगतो ना? याचे उत्तर मज्झिमनिकायातील एकोणिसाव्या सुत्तात, द्वेधावितक्क सुत्तात आहे. बोधीपूर्वीच्या काळात आपण आपल्या विचारांचे दोन भाग कसे केले, हे तथागत तेथे सांगतात. लोभाचे, द्वेषाचे आणि हिंसेचे विचार एका बाजूला. त्यांच्या उलट विचार दुसऱ्या बाजूला. मग त्यांनी गुराख्याचा दृष्टांत दिला आहे, आणि तो आमच्या मुलांना एका दमात समजतो, कारण निम्म्याहून अधिक मुलांनी सुट्टीत गुरे राखलेली असतात. पावसाळा सरत आला, पिके उभी आहेत, तेव्हा गुराख्याला काठी घेऊन गुरांच्या मागे-पुढे राहावे लागते. गाय पिकात शिरली तर शिव्या, दंड आणि मार ठरलेला. परंतु उन्हाळ्याच्या अखेरीस सारे धान्य गावात गेले, रान मोकळे झाले, की तोच गुराखी झाडाखाली बसतो. त्याला एवढेच भान पुरते, की त्या तिकडे गुरे आहेत.

या दृष्टांतात आम्हाला मोठे शहाणपण दिसते. काठी कायमची टाकून द्या असे तेथे सांगितलेले नाही, आणि काठी अष्टौप्रहर उगारून धरा असेही नाही. ज्वारी उभी असतानाची राखण वेगळी आणि सुगी झाल्यानंतरची वेगळी. एखाद्याने आपल्याला काय टोमणा मारला, तो पुन्हा भेटला म्हणजे त्याला काय ऐकवायचे, असे घोळवत बसणे म्हणजे गाय पिकात शिरणे होय. तेथे काठी हवीच. मात्र डाळीच्या दाण्याचे दोन भाग का होतात, गोदावरी नांदेडला येईतो किती गावांचे पाणी पिऊन येते, आजीने कोणत्या लुगड्याची वाकळ केली होती, असे विचार मनात चरू लागले तर त्यांना हाकलण्याचे काय कारण? त्याच सुत्तात पुढे असेही म्हटले आहे, की चांगले विचारसुद्धा फार वेळ करीत राहिले तर शरीर थकते, आणि थकलेल्या शरीरात चित्त स्थिर राहत नाही. विचारालाही विश्रांती लागते, असे सांगणारे शास्त्र मुलांच्या बाजूचे आहे असेच आम्ही मानतो. (मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवत राहणे हे या मोकळ्या चरण्यात बसत नाही. तेथे गुरेही दुसऱ्याची आणि रानही दुसऱ्याचे.)

मज्झिमनिकायाच्याच छत्तिसाव्या सुत्तात, महासच्चक सुत्तात, याहून हृदयस्पर्शी गोष्ट आहे. सहा वर्षांच्या कठोर तपश्चर्येने देहाचा सापळा झाला, तरी मार्ग सापडेना. तेव्हा सिद्धार्थांना बालपणीची आठवण झाली. पिता शेतात कामात गुंतलेले होते आणि आपण जांभळाच्या झाडाच्या थंड सावलीत एकटेच बसलो होतो. त्या वेळी मन आपोआप शांत आणि आनंदी झाले होते. बोधीचा मार्ग तो तर नसेल? आणि या सुखाला आपण का भ्यावे? या एका प्रश्नापासून त्यांनी उपासमार सोडली, अन्न घेतले आणि वाट बदलली. एवढ्या मोठ्या घटनेच्या मुळाशी एका लहान मुलाची मोकळी दुपार आहे. त्या दुपारी शुद्धोदनांनी मुलाला हाक मारून एखाद्या आचार्यांच्या शिकवणीला धाडले असते तर, असा विचार आमच्या मनात कधी कधी येतो. असो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याच शेतावरील आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत. एक म्हणजे, भर उन्हात अपुऱ्या वस्त्रांनिशी नांगरणारे, बांध घालणारे मजूर पाहून बाल सिद्धार्थ अस्वस्थ झाला, आणि एकाच्या श्रमावर दुसऱ्याने जगावे हे योग्य आहे का, असे त्याने मित्रांना विचारले. दुसरी म्हणजे, शाक्यांच्या वप्रमंगल या पेरणीच्या सणाला प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरण्याची रीत होती आणि सिद्धार्थ ती नेहमी पाळत असे. विद्वान असूनही हाताच्या कामाचा त्याला तिटकारा नव्हता, असे बाबासाहेब तेथे नमूद करतात. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवण्यात त्यांचा हेतू असावा, असे आम्हाला वाटते.

कारण हाताच्या कामाबद्दल आपल्या समाजात जी अढी आहे, ती उगाच आलेली नाही. एका आजोबांनी आम्हाला सभेतच सुनावले होते, ‘सर, हाताची कामं करून करूनच तर आमच्या पिढ्या गेल्या, आता नातवालाही तेच शिकवता होय?’ त्यांना सहज उत्तर देता येत नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या निबंधात दाखवून दिले. कोणाच्या हाताने काय करावे हे जन्माने ठरत होते, आवडीचा प्रश्नच नव्हता. चामडे कमावणे, दोर वळणे, टोपली विणणे यांत विलक्षण कौशल्य होते, पण ते कौशल्य माणसाच्या गळ्यातील लोढणे करून ठेवले होते. ज्याने ते सोडले त्याने योग्यच केले. परंतु लोढणे गळ्यातून निघाले म्हणून लाकूडच अस्पृश्य मानावे काय? जबरीने केलेले काम आणि आपल्या खुशीने केलेले काम, दोन्हींत हात तेच असतात, तरी माणूस एक राहत नाही. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकू लागले होते. ते व्हायोलिन पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. देशाची राज्यघटना लिहिणारा माणूस बोटे तारांवर कशी ठेवावीत हे नवशिक्याप्रमाणे शिकत होता, आणि त्याची परीक्षा कोठेच द्यायची नव्हती.

हाताचे काम आणि मनाची जागृती यांचा संबंध सुत्तांतही दिसतो. सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष कसे द्यावे हे सांगताना कातारी कारागिराचे उदाहरण दिले आहे. लाकूड कातताना लांब फेरा घेत असेल तर तो लांब घेतो आहे हे त्याला कळते, आखूड घेत असेल तर आखूड हे कळते. ध्यानासारख्या सूक्ष्म गोष्टीची उपमा राजवाड्यातून आणलेली नाही, ती कारागिराच्या शाळेतून आणली आहे.

कापडाचे म्हणाल, तर आपल्या भागाला त्याची फार जुनी ओळख आहे. लातूर जिल्हा १९८२ साली ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला, तेथील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून गाड्यांनी भडोचला जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. याच तेरच्या भूमीत बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या शिवारात मिळणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर्षानुवर्षे गोळा केले. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला उभे आहे. मान खाली घालून शिवारात हिंडणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात हे आपण जाणतो. पण त्या हिंडण्यावाचून ते संग्रहालय झाले नसते. सहल न्यायची असेल तर लातूरहून तेर जवळ आहे.

आणि आजचे उदाहरण तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत विभागलेले आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ही राष्ट्रध्वज तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक आहे. ध्वजाचे खादी कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात तयार होते आणि ध्वज नांदेडला शिवून सिद्ध होतो. सर्वांत लहान ध्वज १५० बाय १०० मिलिमीटरचा, सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा, असे एकूण नऊ आकार. लांबी-रुंदीचे प्रमाण नेहमी ३ : २. मधले निळे अशोकचक्र दोन्ही बाजूंनी तंतोतंत एकावर एक यावे लागते. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार केलेल्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. ध्वज घरोघरी पोहोचला हे चांगले झाले. सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या हातांपुढे मात्र स्वस्त कापडाची स्पर्धा उभी राहिली. येथे आमच्या मनात दोन विचार एकमेकांशी भांडतात, हे लपवण्यात अर्थ नाही. यंत्राने माणसाला फुरसत द्यावी ही बाबासाहेबांची भूमिका आम्हाला पूर्ण मान्य आहे. परंतु यंत्र आले आणि त्या विणकर बाईला फुरसतीऐवजी बेकारी मिळाली, तर त्या भूमिकेचे अर्धेच काम झाले, असे आम्ही म्हणू.

ध्वजावरील चक्राचा एक पाठ आम्ही सहावीच्या मुलांना देतो. पालकांनी तो घरीही करून पाहावा. कंपासने वर्तुळ काढा. कंपास तसाच ठेवून त्याच अंतराने परिघावर खुणा करीत जा. बरोबर सहा खुणा होतात आणि सहावी पहिलीला येऊन मिळते. दोन खुणांमधील प्रत्येक कोन ६० अंशांचा. तो दुभागला की बारा भाग, पुन्हा दुभागला की चोवीस. प्रत्येक आऱ्यामध्ये १५ अंश. कोनमापकाला हातही लावावा लागत नाही. पहिल्या प्रयत्नात कोणाचेच चक्र नीट बंद होत नाही. खुणा हळूहळू सरकतात आणि शेवटी केसभर फट राहते. मग मुले स्वतःच शोधतात, की कंपासचे टोक ढिले होते की पेन्सिल बोथट. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला आणि सारनाथच्या स्तंभावरचे धम्मचक्र देशाच्या मध्यभागी आले, हे आम्ही त्या वेळी सांगतो. हातात पेन्सिल असताना ऐकलेले सन मुले विसरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

आता वाकळीविषयी. मन भरकटणे आणि हात चालणे ही जोडी आपल्या आया-आज्यांना पुस्तकावाचून ठाऊक होती. जात्याचा खुंटा हातात, आणि मन माहेरी, मुलाकडे, दुष्काळाकडे, भीमरायाकडे. महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जमवल्या आहेत. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धांवर रचलेल्या ओव्याही आहेत. पहाटेचे ते दळण सुखाचे नव्हते. पिठाची गिरणी आली तेव्हा बायांचे खांदे सुटले, आणि ते जाते परत यावे असे कोणी म्हणू नये. वाकळीचे मात्र निराळे आहे. ती दुपारी, उन्हाळ्यात, चौघी मिळून आणि बहुधा मनाच्या ओढीने शिवली जाते. फाटलेले लुगडे, धोतर, सदऱ्याची बाही, सारे एकावर एक घालून धावदोरा घालायचा. कोणता तुकडा कोठे बसवावा हे कोणी लिहून ठेवलेले नसते. तुकडा हातात आला की तो कोणाच्या अंगावरचा, ते लग्न, तो बाजार, ती आजारपणाची रात्र, असे मन हिंडून येते, आणि तोवर ओळ पुरी झालेली असते. भिक्खूंचे चीवर आणि आजीची वाकळ यांत एक साम्य मुलांनीच आम्हाला दाखवले. दोन्ही तुकड्यांची आहेत, दोन्हींवर शेतासारखे पट्टे आहेत, आणि चोराला दोन्हींचा मोह होत नाही. हे शेवटचे कारण विनयातही दिले आहे. ते त्या मुलांना माहीत नव्हते.

या वर्षी सहावी ते आठवीच्या मुलामुलींनी मिळून एक मोठी वाकळ घालायला घेतली आहे. मगधातील शेतांप्रमाणे तिची आखणी आहे. उभे पट्टे झाले आहेत, आडवे बांध अर्धे राहिले आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील जुन्या सुती कपड्याचा वीतभर तुकडा धुऊन पाठवावा, आणि तो कोणाचा होता हे चिठ्ठीवर लिहावे. टेरिकॉट नको, सुई अडते. ज्यांच्या आई, आजी किंवा आत्याबाईंना कडेची दातेरी शिवण येते, त्यांनी दिवाळीनंतरच्या कोणत्याही रविवारी यावे. येण्या-जाण्याचे भाडे वसतिगृह देईल. आमच्यापैकी कोणालाच ती शिवण येत नाही आणि मुले रोज विचारतात.